कॅमेऱ्याला नाक नसतं

मागच्या आठवड्यात औरंगपुऱ्याच्या मंडईत मी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. भाजीवाली माझ्याच वयाची, तोंडानं माझ्याहून फटकळ. बोलता बोलता तिनं जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघतच राहिली. "थांबा. तुमी त्या साबणाच्या बाई नव्हं?" मी म्हटलं, "मी शाळेतली बाई. तीसुद्धा आता पेन्शनीतली." तर म्हणते कशी, "नाय, नाय. पिच्चरच्या आदी लागायचं की. कोकरं पळायची, आन तुमी बोलायच्या, आईच्या मायेवानी मऊ. आवाज वळकला मी." आणि लागली मेथी फुकट द्यायला. मी पैसे तिच्या टोपलीत टाकले आणि तडक घरी आले. मेथी निवडली, भाजी केली आणि तशीच झाकून ठेवली.

ती कोकरांची जाहिरात नामाभाऊंची. नामदेव शिंगाडे. धंद्यानं फोटोग्राफर आणि जाहिरातींचे डायरेक्टर. गुलमंडीच्या मागच्या बोळात, एका हिमरू शालींच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. आताच्या पोरांना सांगावं लागतं, पण तेव्हा टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी आपल्याच गावातल्या जाहिराती लागायच्या. बी-बियाणं, बिडी, चहा, साड्यांची दुकानं. त्यातल्या निम्म्याअर्ध्या नामाभाऊंनी केलेल्या. पब्लिक शेंगा फोडत, एकमेकांना हाका मारत बसलेलं असायचं, आणि नामाभाऊ मागच्या भिंतीला टेकून उभे. पडद्याकडं नाही, पब्लिककडं बघत. "शेंगा थांबल्या की समजायचं, शॉट लागला," असं म्हणायचे.

अंगानं काटकुळे, उंच. कॅमेऱ्याची तिपाई मानेमागं आडवी टाकून तिच्यावर दोन्ही हात अडकवून चालायचे. गुलमंडीच्या गर्दीत असं चालणारा दुसरा माणूस नव्हता. पुढं सोयगावला, त्यांच्या गावी, मी त्यांच्या वडलांना कळपामागं चालताना बघितलं तेव्हा कळलं, काठीवर हात टाकून मेंढ्यांमागं चालायची ती तऱ्हा आहे. वडील मेंढ्या राखणारे. त्यांना सगळे आबा म्हणत. मुलाचं वय कुणी विचारलं की आबा सांगायचे, "रझाकाराच्या भ्यानं कळप घेऊन डोंगरात व्हतो. पोलीस ॲक्शन झाली मंग खाली उतरलो. तवा ह्यो पोटात व्हता." झाला हिशोब.

माझी त्यांची गाठ पडली शाळेच्या गॅदरिंगमध्ये. ते फोटो काढायला आले होते आणि मी स्टेजवरून मुलींवर ओरडत होते. मुली चिडीचूप झाल्या, तर हे महाशय कॅमेरा बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन उभे. "बाई, तुमच्या आवाजात साबण इकू या का?" मी म्हटलं, "माझ्या वडलांना विचारा." वैजापूरकडच्या कदमांच्या घरातल्या लेकीनं साबण विकणं म्हणजे काय, ते वडलांनी त्यांना चांगलं तासभर सांगितलं. नामाभाऊंनी खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, "पाटील, तोंड दिसणार नाय. नुसता आवाज." वडील म्हणाले, "आवाज तर तिचा तसाही शिवेपर्यंत जातो. न्या."

रेकॉर्डिंग म्हणजे स्टुडिओच्या आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगायच्या, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि घामानं निथळत बोलायचं. मी आत, नामाभाऊ दाराच्या काचेपलीकडं. खाली बोळात टांगा आला, हातगाडीवाला ओरडला, की थांबायचं. वाक्य जमलं नाही की ते काचेतून एक बोट वर करायचे. म्हणजे अजून एकदा. जमलं की पंजा उघडायचे. पंजा दिसला रे दिसला की रफीकभाई, म्हणजे त्यांचे लाइटवाले, चहा सांगायला खाली पळायचे. एकदा "या, बसा, चहा घ्या" एवढ्या वाक्यासाठी त्यांनी मला बोट दाखवून दाखवून रडकुंडीला आणलं. मी चिडून म्हटलं, "नामाभाऊ, आता काय घसा काढून हातात देऊ?" तर दार उघडून आत आले, माझ्या हातात चहाचा खरा कप दिला आणि समोर रफीकभाईंना बसवलं. "ह्यांस्नी मना." मी म्हटलं. लगेच पंजा उघडला. मग मला समजावून सांगितलं, "आवाजाला खोटं चालत नाय, बाई. चित्राला चालतं."

चित्राला किती खोटं चालतं, ते त्यांच्या शूटिंगला येऊन बघायला पाहिजे होतं. दुधाच्या ग्लासावरचा फेस साबणाचा. भरल्या वांग्यावर शिलाई मशीनचं तेल, कारण ते गोडेतेलाहून जास्त चमकतं. द्राक्षांवर ग्लिसरिनचे थेंब. भाकरी फुगलेली दिसावी म्हणून तिच्या पोटात कापूस. दिव्यांच्या उष्णतेनं हे सगळं तापायचं आणि खोलीत असा काही वास सुटायचा की जीव घाबरा व्हावा. कुणी नाकाला पदर किंवा रुमाल लावला की नामाभाऊंचं ठरलेलं वाक्य यायचं, "कॅमेऱ्याला नाक नसतं." एकदा एका डेअरीवाल्याचे मेहुणे शूटिंग बघायला आले. माणूस भुकेला होता की नुसता आगाऊ होता, देव जाणे. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तो ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मग डोळे पांढरे आणि ओठांवर बुडबुडे. नामाभाऊ शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, आजच्याला आतनं बी आंघूळ झाली तुमची." रफीकभाई हसून हसून स्टुलावरून पडले. तेव्हा आम्ही फार हसायचो.

हे सगळं पोटासाठी. मनात वेगळंच होतं, आणि ते फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. त्यांच्या घरी फ्रिज आला तेव्हा कुसुमवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गल्लीत पेढे वाटले. पण आत भाजीला जागाच नाही. सगळ्या कप्प्यांत पत्र्याचे गोल डबे. जाहिरात झाली की कोऱ्या रिळाचा थोडा तुकडा उरायचा. तो खराब होऊ नये म्हणून नामाभाऊ डब्यात बंद करून थंडाव्यात ठेवायचे आणि डब्यावर लिहायचे, आबा. "माझ्या सासऱ्यानं आमचं दही बाहेर काढलं," असं वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या.

त्या तुकड्यांवर त्यांना आबांची फिल्म काढायची होती. साबण नाही, बिडी नाही, कुणी शेठ नाही. नुसते आबा आणि त्यांचा कळप. त्यातला एक शॉट तर त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेला. मेंढ्या दिवसभर रानात असतात आणि तान्ही कोकरं वस्तीवर कोंडलेली. दिवस कलला की मेंढ्या ओरडत परत येतात, इकडं कोकरं सोडतात, आणि त्या सगळ्या धुरळ्यात, गलक्यात, प्रत्येक कोकरू बरोब्बर आपल्याच आईला गाठतं. हे सांगताना नामाभाऊंचे हात हवेत चालायचे. "बाई, आसा शॉट मुंबईवाल्यांच्या बापाला गावायचा नाय." मी म्हणायचे, मग काढा की. काढतो, काढतो, करत वर्षं चालली होती.

अडत होतं आबांपाशी. आबा कधीमधी औरंगाबादला यायचे. स्टुडिओत खुर्ची दिली तरी भुईवर बसायचे. नामाभाऊंनी कॅमेरा त्यांच्याकडं वळवला की पटक्याचा सोगा तोंडावर ओढून घ्यायचे. "नगं. तू इकायच्या वस्तूंचे फोटू काढतूस. मी काय इकायचा हाय व्हय?" नामाभाऊ जगाला बोलण्यात गुंडाळायचे, पण आबांपुढं ते चालायचं नाही. कॅमेरा खाली ठेवायचे आणि चहा मागवायचे.

एका दिवाळीनंतर आबा आले आणि आपणहून म्हणाले, "गुडघं ऱ्हायले नाईत आता. औंदा कळप इकून टाकतो. तुला काय काढायचं ते काढून घी." नामाभाऊंना हर्ष माईना. त्याच दिवशी त्यांनी मोठा कॅमेरा भाड्यानं मागवायला मुंबईला फोन लावला.

सोयगावला आम्ही जीपनं गेलो. नामाभाऊ, रफीकभाई, कुसुमवहिनी आणि मी. गावाबाहेरच्या पडीक रानात कळप बसला होता. सकाळी आबा आणि नामाभाऊंचा धाकटा भाऊ रामा मेंढ्या घेऊन डोंगराकडं निघाले. जाता जाता आबा एवढंच म्हणाले, "कोकरं तान्ही हायती. लई दंगा करू नगा." वस्तीवर मागं राहिली रामाची बायको रखमा आणि कोंडलेली कोकरं.

नामाभाऊंनी कॅमेऱ्यातून कोकरं बघितली आणि त्यांचं तोंड उतरलं. लेंड्यांनी, मातीनं बरबटलेली. आता कोकरू दुसरं कसं असणार? पण त्यांच्या डोळ्याला इतकी वर्षं चमकणाऱ्या वांग्यांची सवय. रफीकभाईंना म्हणाले, "जीपमदलं खोकं आन." खोक्यात जालन्याच्या एका शेठजींचा साबण होता, आदल्या जाहिरातीतला उरलेला. चंदनाचा, भपकारा मारणारा.

चुलीवर पाणी चढलं तशी रखमा आडवी आली. "दादा, नगा धू. आया घ्याच्या नाईत."

"अगं, आबाला मी सांगतो की."

"आबाचं नाय मनत मी. मेंढ्यांचं मनते. वास जाईल त्येंचा."

नामाभाऊ हसले. वाक्य जिभेवर तयारच होतं. "कॅमेऱ्याला नाक नसतं, रखमा." ती चुलीपुढून बाजूला झाली. थोरला दीर, शहरातला, डायरेक्टर. ती बिचारी काय बोलणार. आम्ही सगळ्यांनी मिळून कोकरं धुतली, टॉवेलानं पुसली, उन्हात फिरवली. काळी लोकर अशी चमकायला लागली की हात फिरवत राहावंसं वाटे. रफीकभाई एकेकाला उचलून म्हणत होते, "दूल्हा तैयार है भाई, बारात बुलाव."

मला हे आजही उमगत नाही. मी शेतकऱ्याच्या घरची, पण मेंढरातलं मला काही कळत नव्हतं. रफीकभाई तर शहागंजातले. पण नामाभाऊ कळपात जन्मलेले. मेंढी आपलं पिल्लू वासानं ओळखते, हे त्यांना चालता यायच्या आधीपासून माहीत असणार. जे रखमाला माहीत, ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते विसरले. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दिवस कलला. ऊन त्यांना हवं तसं तिरपं आलं. लांबून मेंढ्यांचं ओरडणं ऐकू आलं. नामाभाऊंनी डोळा कॅमेऱ्याला लावला, हात वर केला, आणि रखमानं कोंडी उघडली. कोकरं सुटली. असा देखावा मी जन्मात बघितला नव्हता. सोनेरी धुरळ्यात ती चकचकीत पिल्लं उड्या मारत आयांकडं निघालेली. पहिलं कोकरू आपल्या आईच्या कासेला जाऊन लागलं. तिनं मान वळवून त्याला हुंगलं आणि ढुशी मारून बाजूला केलं. ते परत गेलं. तिनं परत ढकललं, आणि त्याच्या डोक्यावरूनच ओरडत पुढं निघाली, आपलं पिल्लू शोधायला. मग दुसरी मेंढी. मग तिसरी. बघता बघता सगळं रान ओरडायला लागलं आणि कुणालाच कुणी सापडेना.

आबा मागून येत होते. त्यांनी एक कोकरू उचललं, नाकाशी नेलं, आणि समजायचं ते समजले. काठी टाकून त्यांनी एका मेंढीचा मागचा पाय धरला आणि कोकरू तिच्या कासेला लावलं. "रामा, ती धर. रखमे, तिचंच दूध पीळ आन पिलाच्या अंगाला चोळ." मग हाक मारली, "नामा, ये, धर हिला." नामाभाऊंचा डोळा कॅमेऱ्याला. आबांनी परत हाक मारली. कॅमेरा घरघरत होता. रफीकभाई त्यांचा खांदा हलवून म्हणाले, "भाई, बस करो. बावा बुला रैं तुमकू." नामाभाऊंनी डोळा न काढता एक बोट वर केलं. रीळ संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

रीळ संपल्यावर धावले, नाही असं नाही. दिवस बुडेस्तोवर आम्ही सगळेच मेंढ्या धरत होतो. जरा मोठ्या कोकरांना आयांनी आवाजावरून घेतलं. अगदी तान्ह्यांना काही केल्या घेतलं नाही. त्यातली काही पुढच्या दोन-चार दिवसांत गेली, असं रामानं नंतर कळवलं. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना नामाभाऊ पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. नुसतं विचारलं, "इसरलास व्हय रं, नामा?" महिन्याभरात त्यांनी कळप विकला.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. स्टुडिओच्या भिंतीवर लावून आम्ही बघितलं. त्यात आवाज नव्हता. ओरडा नाही, हाका नाहीत. नुसतं चित्र, आणि चित्र असं की डोळ्यांचं पारणं फिटावं. संपल्यावर नामाभाऊ म्हणाले, "लागला शॉट, बाई." आणि भिंतीकडं तोंड करून रडले. कॅमेऱ्याला नाक नसतं, हे त्यांच्या तोंडून मी परत कधी ऐकलं नाही.

पुढं एकदा जालन्याचे ते शेठजी दुसऱ्याच कामाला आले असताना त्यांनी ते रीळ बघितलं. "शिंगाडे, ही कोकरं मला पाहिजेत." नामाभाऊ नाही म्हणाले. शेठजी येत राहिले. ते नाही म्हणत राहिले. मग एक दिवस मला म्हणाले, "वाया तर गेलंच हाय, बाई. कुनाच्या तरी डोळ्याला पडू द्या." त्यांनी कात्री धरली. मेंढी मान वळवून हुंगते, त्याच्या नेमकं आधी कापलं. कोकरं आईकडं झेपावतात आणि पुढं साबणाची वडी. कुठं कापायचं, ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी गोधड्यांच्या खोलीत उभी राहून म्हटलं, "आईच्या मायेसारखा मऊ." ह्या वेळी त्यांनी माझ्या हातात काही दिलं नाही, समोर कुणाला बसवलं नाही. पहिल्याच वेळी पंजा उघडला, आणि चहा कुणीच सांगितला नाही.

जाहिरात गाजली. जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या टॉकीजांत शेंगा थांबल्या. मुंबईहून लोक नामाभाऊंना शोधत आले. धंदा वाढला.

त्यानंतर काही वर्षांनी आबा गेले. मधल्या काळात नामाभाऊ सोयगावला जायचे, आबा त्यांच्याशी बोलायचे, पोराला भाकर वाढा म्हणायचे. पण त्या संध्याकाळचा विषय दोघांनी कधी काढला नाही. मनात असून काढला नाही. दहाव्याला आम्ही गेलो होतो, तेव्हा रामानं सहज सांगितलं, "दादा, तुमची ती साबनाची फिलीम आबानं बघितली व्हती."

जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. रामा हौसेनं आबांना घेऊन गेला. आधी काय लागणार, हे त्याला काय माहीत. पडद्यावर कोकरं पळायला लागली तसे आबा उठून उभेच राहिले. मागचे लोक बसा, बसा म्हणून ओरडले. कोकरं जाऊन साबण आला, मग आबा खाली बसले आणि म्हणाले, "तितं तरी जगली."

"आनिक काय मनला?" नामाभाऊंनी विचारलं.

"काय नाय. मंग पिच्चर सुरू झाला."

नामाभाऊ ते वाक्य घेऊन औरंगाबादला परत आले आणि त्यातून कधी बाहेर पडले नाहीत. पुढं टॉकीजमधल्या जाहिराती बंद झाल्या, व्हिडिओ आला. मोठमोठ्या सेटवर हुकूम सोडणारा हा माणूस लग्नाच्या कॅसेटी काढायला लागला. तेही मन लावून केलं. फ्रिजमधले उरलेले डबे वहिनींनी विचारून विचारून शेवटी बाहेर काढले. कोरी रिळं केव्हाच खराब झाली होती. वहिनींनी पहिल्यांदा त्या कप्प्यात दही ठेवलं, आणि मला सांगताना त्यांचेच डोळे भरून आले.

मी त्यांना शेवटचं भेटले ते सिडकोतल्या त्यांच्या घरी. वहिनी वारल्या होत्या, रफीकभाईही. नामाभाऊ फार वाळले होते. त्या भेटीनंतर ते फार दिवस जगले नाहीत. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "बाई, तुमी आवाजातल्या माणूस. एक सांगा. आबा ते कसं मनला आसंल?"

कोणतं वाक्य, ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "रामाला विचारा ना. तो शेजारी होता."

"इचारलं की. तो मनतो, मनला तसं मनला. त्याला काय कळतंय? टोचून मनला, का..." त्यांनी कप बाजूला सारला. "तुमी मनून दावा."

मला कानकोंडं झालं. तरी म्हटलं. "तितं तरी जगली." शाळेतल्या बाईनं धडा वाचावा तसं सपाट आलं. समोर काच नव्हती, गोधड्या नव्हत्या, तरी त्यांनी डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. मग मी टोमणा मारावा तसं म्हटलं. ते कळ आल्यासारखे आखडले. बोट वरच. मग मी हळू म्हटलं, म्हातारं माणूस स्वतःशीच बोलतं तसं, झालं गेलं सोडून दिल्यासारखं. त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मला वाटलं, आता पंजा उघडतील. मी मनातून म्हणत होते, उघडा हो नामाभाऊ, हाच घ्या, ह्याच्यापुढं अजून काय पाहिजे तुम्हाला.

त्यांनी डोळे उघडून नाही म्हणून मान हलवली. "हे मला पायजे तसं झालं, बाई. आबा मनला तसं नाय." आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसले. "आवाजाला खोटं चालत नाय."

निघताना ते भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत आले. रिक्षा सुरू झाली तशी मी वळून बघितलं. त्यांनी हात वर केला होता. मला वाटलं निरोप देतायत, म्हणून मीही हात हलवला. मग दिसलं, पंजा मिटलेला होता आणि एक बोट वर होतं. रिक्षा वळणावर जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मी रिक्षातच, पुटपुटल्यासारखं, ते वाक्य अजून एकदा म्हटलं.